कागद त्याचा, पाणी तिचं

गळाच्या काठीचं रीळ धुवायला बसली की ओडेसा क्विडलीला जगातलं दुसरं कुठलंच काम घाईचं वाटत नसे. दिवसभर चालवलेली शाळेची बस उभी केली, गमबूट बदलले, की ती घरामागच्या शेडमध्ये जाऊन उलट्या खोक्यावर बसे. आधी रिळाचा ताण घट्ट आवळून घेई, म्हणजे पाण्याला आत शिरायला फट उरत नाही. मग झारी उचले. शेडबाहेर नळी होती, पितळी तोंडाची, गाडी धुवायची. पण रिळाला नळी लावायची नाही हा वडिलांच्या वेळचा दंडक. जोराचं पाणी मीठ धूत नाही, आत ढकलतं. आत गेलेलं मीठ बाहेरून दिसत नाही. ते बसून राहतं आणि एक दिवस, मोठा मासा लागलेला असताना, रीळ जागच्या जागी गच्च होतं.

झारी धरली की तिच्या ओठांवर आईचं गाणं येई. आई मासळीच्या गोदामात होती, तिथल्या बायका पाट्या धुताना ते म्हणत.

हळू ये रे पाण्या, हळू टाक पाऊल,
लोखंडाच्या कुशीत मीठ निजलं आहे;
धावत आलास तर घरात शिरून बसेल,
हळू आलास तर बोट धरून निघेल.

गाणं तीनदा म्हणून होईस्तोवर एक रीळ निथळून होई. मग मऊ फडक्याने पुसायचं, सावलीत ठेवायचं, कोरडं झालं की ताण सैल सोडायचा, आणि काडीच्या टोकावर मावेल एवढंच तेल. काठ्यांच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवायचा. कापूस अडकला तर कड्याला चीर आहे, आणि ती चीर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापणार. हे सगळं ती दोन माणसांचं करी. स्वतःचं आणि धाकट्या भावाचं, बर्जेसचं.

आणि कागदाचं बर्जेस बघे.

ही वाटणी वडिलांनी घालून दिलेली. या टापूवर किनाऱ्यावरून गळ टाकायला पूर्वी कुणाची परवानगी लागत नव्हती. खाऱ्या पाण्याच्या मासेमारीला लायसन्स लागणार असं सरकारने ठरवलं त्या वर्षी बक्सटन गावातले सगळे म्हातारे पेटून उठले. आता लाटांना फाटक बसवा आणि तिकीट लावा, म्हणाले. सगळ्यांत जास्त चिडले होते ते आल्विन क्विडली, ओडेसाचे वडील. पण लायसन्स मिळायचं त्या मॅक्सीनच्या दुकानात पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला तेच उभे होते. शिव्या द्यायच्या तर खिशात कागद ठेवून द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं. त्याच आठवड्यात त्यांनी गळकऱ्यांच्या मंडळाच्या वहीत स्वतःच्या हाताने नियम लिहिला: ज्याच्याजवळ लायसन्स नाही आणि जो पकडला गेला, तो मंडळाच्या स्पर्धेच्या रांगेतून बाद. त्याच्या घरातला दुसरा माणूस त्याच्या जागी ज्याचं नाव सांगेल, ती जागा मग त्याची, तो सोडेपर्यंत.

ओडेसाला फॉर्म, सह्या, तारखा यांचा कंटाळा. बर्जेसला धुण्याचा. वडील म्हणाले, तू दोघांचा कागद बघ, ती दोघांचं पाणी बघेल. झालं. दर ऑगस्टमध्ये बर्जेस मॅक्सीनच्या गल्ल्यापाशी जाई. मॅक्सीन विचारे, दोन्ही? तो म्हणे, दोन्ही. ते कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या गाडीच्या कप्प्यात पडून राहत. इतक्या वर्षांत ओडेसाने आपलं लायसन्स हातात घेऊन पाहिलेलं नव्हतं. भावाच्या गाडीत आहे म्हणजे आहे.

आई गेली तेव्हा बर्जेस सहा वर्षांचा होता, ओडेसा तेरा. त्याच्या बुटांच्या नाड्या तिने बांधल्या, पहिला गळ तिने ओवून दिला, पहिल्यांदा बोटात काटा रुतला तेव्हा काढलाही तिनेच. अशा माणसाच्या गाडीचा कप्पा कोण उघडून बघतं?

मंडळाच्या रांगेत सहा जण. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी केपच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या, टोकावर, जिथे दोन प्रवाह एकमेकांवर आपटतात, तिथे साऱ्या किनारपट्टीवरचे संघ स्पर्धेला येऊन उभे राहतात. बक्सटनच्या रांगेतल्या दोन जागा क्विडलींच्या. चौथी बर्जेसची. तिसरी वडिलांची होती. सत्तरी झाली तशी त्यांनी ती आपणहून सोडली आणि सगळ्यांच्या देखत ओडेसाला पुढे केलं. त्याआधी त्या रांगेत बाई उभी राहिली नव्हती. कुणीतरी म्हणालं, आल्विन, वारा मोठा आहे, पोरगी उडून जाईल. वडील म्हणाले, उडाली तर तिचा मासा तू ओढ. एवढंच. पण ओडेसाला वाटे, वडिलांनी आपल्याला घर दिलं, शेड दिली, त्यापेक्षा ही हातभर ओली वाळू मोठी. वर्षातले दोन दिवस ती त्या वाळूवर उभी राही आणि उरलेले दिवस त्या दोन दिवसांच्या आधाराने काढी.

यंदा सप्टेंबरात बर्जेसने धुवायला आपल्या सामानाबरोबर आणखी दोन काठ्या आणि दोन रिळं आणून ठेवली. भारी माल. काठीच्या बुचाच्या मुठीवर डब्ल्यू. एल. अशी अक्षरं डागलेली.

“कुणाचं हे?” तिने विचारलं.

“आहे एक पाहुणा. पैसेवाला आहे, पण अक्कल नाही. आपल्याबरोबर याच्यावरही चार थेंब पाणी घाल.”

चार थेंबांचं काम नव्हतं ते. तिने झाकण उघडलं तर आत मीठ साखरेच्या पाकासारखं घट्ट बसलेलं, दात्यांवर हिरवट गंज. या रिळाला जन्मात कुणी मायेने हात लावलेला नव्हता. चार संध्याकाळी ती त्याच्यामागे बसली. व्हिनेगर, जुना दातांचा ब्रश, बारीक चिमटा. दोन बेअरिंगं गेलीच होती; स्वतःच्या डब्यातली काढून घातली. चौथ्या दिवशी रीळ फिरवलं तेव्हा ते मांजर गुरगुरावं तसं वाजलं. बर्जेस न्यायला आला तेव्हा तिने ते त्याच्या कानाशी फिरवून दाखवलं.

“सांग तुझ्या पाहुण्याला, हे मरायला टेकलं होतं.”

“सांगतो,” तो म्हणाला. त्या दिवशी तिने अंजिराचा केक केला होता. त्याने उभ्याउभ्याच एक तुकडा खाल्ला, दुसरा नको म्हणाला. बर्जेसने केकचा दुसरा तुकडा नाकारलेला तिने कधी पाहिला नव्हता. पोट बिघडलं असेल, तिला वाटलं.

ऑक्टोबर सरत आला. दोन दिवस ईशान्येचा वारा लागला, पाणी गढूळ झालं, आणि टोकावर ड्रम आले अशी बातमी गावात फिरली. ड्रम म्हणजे तांब्याच्या भांड्याला ऊन लागावं तशा रंगाचा मासा. हाताने धरला तर ढोल वाजल्यासारखा आवाज करतो. मोठा ड्रम ठेवायचा नसतो, मोजून परत सोडायचा. पण त्याला किनाऱ्यापर्यंत आणताना हात जे थरथरतात, त्यासाठी माणसं तीनशे मैलांवरून येतात.

गुरुवारी शाळा अर्धा दिवस होती. सकाळीच बर्जेसचा फोन आला. दाढ ठणकतेय, मला काही जमायचं नाही, तू जा. तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं, लवंग चावायला सांगितली. तो म्हणाला, नक्की जाणार ना? आणि कुठे उभी राहशील? तिने सांगितलं, चारच्या सुमाराला, टोकाच्या अलीकडे खळगा पडलाय तिथे. तो म्हणाला, बरं. दात दुखत असताना सुद्धा विचारपूस करतोय, म्हणून तिला भरून आलं.

चारला टोकावर पंचवीस-तीस माणसं होती, खांद्याला खांदा लावून. ओडेसाने बोय माशाचं डोकं गळाला लावलं, शिसं भिरकावलं आणि काठी वाळूत रोवलेल्या नळीत उभी केली. वारा कानात शीळ घालत होता. हात रिकामे करून ती नुसती उभी राहिली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “मिस ओडेसा.”

सागरी गस्तीचा गणवेश घातलेली टिलेटांची पोर होती. ओडेसाच्या बसमध्ये आठ वर्षं पुढच्या सीटवर बसलेली. उलटी झाली तर डबा मिळावा म्हणून.

“काय गं, आज या बाजूला?”

“लायसन्स बघायचं होतं, मिस ओडेसा.” ती वाळूकडे बघत होती.

“ते बर्जेसच्या गाडीत असतं. तुझ्या यंत्रात नाव घाल ना, दिसेल.”

पोरीने नाव घातलं. पुसून पुन्हा घातलं. मग म्हणाली, “ऑगस्टात संपलंय.”

ओडेसा हसली. पोरीने यंत्र तिच्यापुढे धरलं. काचेवर मिठाचे शिंतोडे होते. ओडेसाने सवयीने बाहीच्या टोकाने ते हळूच पुसले, मग वाचलं. नाव तिचं, पत्ता तिचा, तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

“बर्जेस विसरला असेल,” ती म्हणाली. “दर वर्षी तोच काढतो. विसरला असेल गं.”

“असेल. पण आम्हाला फोन आला होता, मिस ओडेसा. फोन आला की मला लिहावंच लागतं. नुसती फेरी असती ना, तर मी...” पोरीने वाक्य सोडून दिलं आणि पावतीचं पुस्तक काढलं.

किनाऱ्यावर एक रीत आहे. कुणाला पावती फाडली जात असली की बाकीच्यांनी समुद्राकडे तोंड करायचं. ओडेसाने स्वतः किती वेळा केलं होतं तसं. आता पंचवीस पाठी तिच्याकडे वळल्या. आणि नेमकी त्याच वेळी तिची काठी वाकली.

ती साधीसुधी नव्हती वाकली. टोक पार पाण्याकडे गेलं आणि रीळ गाऊ लागलं, स्वच्छ, न अडखळता. ओडेसाचा हात आपोआप पुढे गेला.

“हात लावू नका,” पोर हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आता लावलात तर दुसरी पावती होईल.”

शेजारच्या अनोळखी माणसाने ओडेसाकडे बघितलं. तिने मान हलवली तशी त्याने काठी उचलली. वीस मिनिटं तो माशाबरोबर किनाऱ्याने चालत गेला आणि माणसं आपापल्या काठ्या उचलून त्याला वाट देत राहिली. ओडेसा आपल्या रिळाचा आवाज ऐकत उभी होती. कुणी परकं माणूस आपल्या लेकराला हाका मारतंय आणि ते ओ देतंय, तसं तिला झालं. माणूस परत आला तेव्हा त्याने काठी दोन्ही हातांनी पुढे केली. चाळीस इंचांच्या वर होता, सोडला, म्हणाला. आणि रीळ तुमचं लोण्यासारखं आहे, बाई. एवढं बोलून तो लाजून दूर गेला.

घरी जाताना वाटभर ती भावासाठी सबबी गोळा करत होती. दात दुखतोय. बायको सोडून गेल्याला दोनच वर्षं झाली. हिवाळ्यात काम नसतं, डोकं ठिकाणावर नसतं. विसरला. कळेल तेव्हा किती वाईट वाटेल त्याला. मंडळाचा नियम तिला वाटेतच आठवला होता, तिसरी जागा जाणार हे कळलं होतं, पण तरीही ती ठरवत होती, त्याला कसं सांगायचं म्हणजे तो फार मनाला लावून घेणार नाही.

शुक्रवारी बसची सकाळची फेरी संपवून ती मॅक्सीनच्या दुकानात गेली. मॅक्सीन ऐंशीची. गळ, शिसं, आमिष, लायसन्सं, आणि गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेली मंडळाची वही, सगळं तिच्या ताब्यात.

“लायसन्स हवंय,” ओडेसा म्हणाली.

मॅक्सीनने चष्म्यावरून पाहिलं. “तुझं आहे की.”

“नाही. संपलंय. काल टोकावर पावती फाडली माझी.”

“मग ऑगस्टात तो इथे उभा राहून काय म्हणाला?” मॅक्सीनने हातातली पेन्सिल खाली ठेवली. “मी दर वर्षीसारखं विचारलं, दोन्ही? तर म्हणाला, यंदा माझं एकट्याचंच. डेसने तिचं मोबाइलवरून काढलं. मी म्हटलं, बाई सुधारली शेवटी.”

ओडेसाचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता, वायरीचा.

मॅक्सीनने खिळ्यावरची वही काढून उघडली. तिसऱ्या जागेसमोरचं नाव खोडलेलं होतं आणि पेन्सिलने दुसरं लिहिलेलं: व्हिट लॅसिटर. रिचमंड शहरातला. उंच खांबांवरच्या पाच घरांचा मालक. मंडळात जागा मिळावी म्हणून अकरा वर्षं यादीत तिष्ठत असलेला. ओडेसाला ती अक्षरं माहीत होती. तिने त्या मुठीवरचा मळ स्वतःच्या नखाने काढला होता.

“कधी लिहून घेतलंस हे?”

“काल. बर्जेस आला होता. म्हणाला, ओडेसाने रांग सोडली, दमते आता. मला खरं वाटलं नाही, पण तुझा भाऊ सांगतोय म्हटल्यावर...”

“काल किती वाजता?”

“तीन. गावातल्या पोरी गोळ्या घ्यायला आल्या होत्या त्याच्या जरा नंतर. त्याने शेंगदाण्याची चिक्की घेतली नि इथेच उभ्याने कडाकडा खाल्ली. अर्धा डबा संपवला असेल.”

ओडेसाच्या हातात पावती चार वाजून दहा मिनिटांनी पडली होती. ती गल्ल्याच्या कडेला धरून उभी राहिली. आत कुठेतरी एक दार होतं, सहा वर्षांच्या पोराच्या उंचीचं. ते कुणी मोठ्या माणसाने आतून लावून घ्यावं तसं तिला वाटलं.

मॅक्सीनला एव्हाना सगळं कळलं होतं. तिने खोडरबर उचललं. “पेन्सिलच आहे. तू सांग फक्त. कमिटीपुढे मी येऊन उभी राहते, त्याची चिक्कीसकट कहाणी सांगते.”

“माझ्याजवळ कागद होता का काल?”

“नव्हता, पण...”

“मग नियम डॅडींचा आहे, मॅक्सीन. कुणामुळे नव्हता असं त्यात कुठे लिहिलंय?”

मॅक्सीनने खोडरबर ठेवून दिलं. तोंडाला जी सवय होती त्या सवयीने ती म्हणाली, “मग... किती काढू? दोन?”

“एक,” ओडेसा म्हणाली.

छापून आलेला कागद तिने हातात घेतला. किती पातळ होता. एवढ्याशा कागदासाठी आपण दुसऱ्याच्या खिशावर इतकी वर्षं रेललो, याचं तिला नवल वाटलं. घडी घालून तिने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

संध्याकाळी उन्हं शेडच्या दारातून आडवी आत आली होती तेव्हा बर्जेस आला. हातात दोघांचं सामान, स्वतःचं आणि लॅसिटरचं. दिवसभर लॅसिटरला टोकावर सराव देऊन आला असणार. ओडेसाच्या काठ्या शेडमध्येच होत्या; त्याने आपलं सामान तिच्या बाकावर तिच्या सामानाला लावून ठेवलं, रोजच्यासारखं. वाळू फार आहे आज, म्हणाला. वारा फिरेल असं दिसतंय, म्हणाला.

“दाढ कशी आहे?” तिने विचारलं.

“बरी आहे आता.”

“चिक्की चावते ना?”

तो थांबला. गमबुटातला पाय त्याने उगीच वाळूत घासला. मग दुसऱ्या खोक्यावर बसला आणि, डेस, ऐकून तर घे, म्हणून सुरू झाला. लॅसिटर आपली पाचही घरं देखभालीसाठी त्याच्याकडे सोपवणार होता. बारा महिन्यांचं काम. गेल्या हिवाळ्यात त्याने काय दिवस काढले ते तिला माहीत नाही. माहीत होऊ नये म्हणून त्याने किती धडपड केली तेही नाही. त्या माणसाला हवं होतं काय, तर वर्षातले दोन दिवस त्या रांगेत उभं राहायचं. तेवढंच. आणि ती एकसष्टची झाली होती. दोन-चार वर्षांनी तिने जागा सोडलीच असती. त्याचं बोलणं ओळीने लावलेलं होतं, गळ डब्यात लावतात तसं. पुष्कळ दिवस घोकलं असणार.

“मागायची होतीस,” ओडेसा म्हणाली.

“तू दिली नसतीस.”

तिने खरंच विचार केला. बाकावरच्या फडक्याची घडी करत, उलगडत, विचार केला.

“दिली असती की नसती, ते आता मलाही कधी कळायचं नाही, बर्जेस. जागा नेलीस ती नेलीस. ते कळणंसुद्धा नेलंस.”

बाहेर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट चालू होता. तो खाली बघून बसला होता. मानेवरचे केस विस्कटलेले, वारा लागल्यावर लहानपणी दिसत तसेच, आणि तिचा हात ते सारखे करायला उठणार होता. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

“गस्तीवाल्यांना फोन कुणी केला?”

त्याने गमबुटावरची वाळू झाडली.

“मी कुठे उभी राहणार ते तू मुद्दाम विचारलंस. मी समजले, वारा आहे म्हणून काळजी करतोय.”

“मला वाटलं नुसतं बजावून सोडतील,” तो म्हणाला. “टिलेटची पोर आहे, तुझ्याच बसमधली, ती कशाला लिहील? तू जागेसाठी हटून बसलीस तरी, नाव एकदा यंत्रात आलं की मंडळाला पुरे, असं वाटलं मला.”

“पोर रडत होती. माझ्या काठीला मासा लागला होता आणि तिला मला सांगावं लागलं, हात लावू नका.”

बर्जेस उठून दारापर्यंत गेला आणि परत येऊन खोक्यावर बसला.

ओडेसाने लॅसिटरची रिळं जवळ ओढली. “याला ठाऊक आहे?”

“नाही. तू आपणहून सोडलीस, असंच सांगितलंय त्याला. तुला भेटायला येणार म्हणत होता, आभार मानायला.”

“येऊ दे.”

तिने ताण आवळला, झारी घेतली, आणि परक्या माणसाचं रीळ धुतलं, रोज धुवायची तसंच, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. रिळाचा काही गुन्हा नव्हता. गाणं मात्र म्हटलं नाही. बर्जेस बघत बसला. लॅसिटरचं दुसरं रीळही झालं. फडक्याने पुसून तिने दोन्ही सावलीच्या फळीवर मांडली. मग कालचं स्वतःचं, ज्याने पाठमोऱ्या माणसांसमोर गाऊन दाखवलं होतं ते, मांडीवर घेतलं आणि त्याचा ताण हळूहळू सैल सोडला. बर्जेसची दोन्ही रिळं बाकाच्या टोकाला तशीच पडून होती. मीठ वाळून त्यांच्यावर पांढरी साय धरू लागली होती.

“ती राहिली,” तो म्हणाला.

“हो.”

“डेस, स्पर्धा आठ दिवसांवर आहे.”

“पाणी बाहेर आहे. कागद माझा मी काढला आज.”

तो उठला. आपली रिळं उचलून दाराबाहेर गेला. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने एकही रीळ धुतलेलं नव्हतं. ताण आवळायचा असतो हे तो ऐकून होता की नाही, तिला सांगता आलं नसतं. झारी तिच्या पायाशी होती. त्याने ती मागितली नाही; मागितली असती तर तिने दिली असती.

नळ पिरगळल्याचा आवाज आला. मग पितळी तोंडाची नळी, पुरी सोडलेली, आणि लोखंडावर आदळणारं पाणी. शेडच्या पत्र्यावर शिंतोडे तडतडले. न बघताही ओडेसाला दिसत होतं: पांढरी साय सुटतेय, फटीफटीतून आत पळतेय, दात्यांच्या मागे, बेअरिंगांच्या कुशीत, जिथे फडकं पोचत नाही तिथे जाऊन बसतेय. हळू, एवढाच एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आला. त्याच्यामागून सगळं गाणं आलं, आईच्या आवाजात, आणि दातांपाशी येऊन उभं राहिलं. सहा वर्षांच्या बर्जेसला झोपवताना दुसरं काही येत नव्हतं म्हणून ती हेच म्हणायची.

तिने ओठ मिटून घेतले. खिशावरचं बटण चाचपलं. आपल्या रिळाला काडीच्या टोकाने तेल लावत राहिली. स्पर्धेच्या शनिवारी ती दक्षिणेच्या वाळूवर जाणार होती. तिथे प्रवाह आपटत नाहीत, मोठे मासे फारसे येत नाहीत आणि कुठली रांगही नसते.

नळ बंद झाला. बर्जेस दारात आला, कोपरापर्यंत भिजलेला. रिळं त्याने मावळत्या उन्हात धरली. एकही पांढरा ठिपका नव्हता त्यांच्यावर.

“झालं,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा सूर होता. “तू उगीच तास तास बसतेस, डेस. बघ कशी लखलखतायत.”

ओडेसाने मान वर करून पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “वरून अगदी स्वच्छ झालीत.”